क्रॉसच्या जागी चेंडू

रूला: ...तिसऱ्यांदा सांगतेय मी, अबू नदीम. काढला त्याला! कोच गेला. तोंडातून एक शब्द तरी काढाल की नाही?

तौफीक: पहिल्यांदाच ऐकलं गं. नदीमचा बाप बहिरा नाही झाला अजून. मनकूश रोटी कुठली लावू भट्टीत, झातर-तिळाची की चीजची?

रूला: मनकूश गेली खड्ड्यात! अकरा मॅच हरलो आपण, ओळीने अकरा. सनोबर क्लबच्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. अख्खा हॉल 'चालता हो, चालता हो' करत घसा फोडत होता. आज सकाळी एकदाचं क्लबचं निवेदन आलं. चार ओळी. 'कोच रम्झी तराबाय यांना पदमुक्त करण्यात येत आहे.' आणि तुम्ही विचारताय, झातर की चीज.

तौफीक: तू नाचत आलीस का इथवर?

रूला: नाही.

तौफीक: मग मी कशाला नाचू?

रूला: तेच कळत नाहीये ना मला. वाचलं. परत वाचलं. म्हटलं, आता आतून काहीतरी उसळेल. काही नाही हो. दाढेला भूल दिल्यावर गालाला चिमटा काढावा ना, तसं. मेडिकलचं शटर अर्धंच खाली ओढलं आणि तशीच चालत आले तुमच्याकडे.

तौफीक: बाकीचे काय म्हणतात?

रूला: पेजवर? 'मबरूक, मबरूक', अभिनंदन करत सुटलेत सगळे क्लबचे चाहते. संध्याकाळी चौकात ढोल घेऊन ये म्हणतात. ढोल माझ्याच घरी असतो. उचलून बघितला, परत ठेवला. कोणाला खरंच आनंद झालाय असं वाटत नाही मला. नुसते शब्द टाकतायत एकमेकांवर.

तौफीक: चीजची लावतो. पोटात काही गेलेलं दिसत नाही तुझ्या.

रूला: लावा. आणि हे काय, आज एवढं पीठ? बुधवारी कोण येतंय तुमच्याकडे?

तौफीक: दोनशे पाव चाललेत सकाळपासून. लहान.

रूला: लग्न आहे का कोणाचं?

तौफीक: फेब्रुवारीत कोण लग्न करतो? मयताच्या जेवणाचे आहेत.

रूला: कोण गेलं?

तौफीक: मस्करी करू नकोस, रूला.

रूला: मस्करी कसली? विचारतेय, कोण गेलं? चर्चची घंटा नाही ऐकली मी.

तौफीक: ती वर वाजली, ऐन सिंदियानला. डोंगरावरची घंटा खाली कशी ऐकू यायची? वर्दे गेली, रम्झीची आई. सोमवारी पहाटे. आज तीनला माती आहे.

रूला: छे! अहो, ती थट्टा आहे.

तौफीक: कोणाची थट्टा?

रूला: आमची. म्हणजे, पहिली माझी. आणि हा त्याचा भाग दुसरा. छापखान्याच्या वदीहने काढलाय.

तौफीक: नीट सांग. माझा फोन बटणांचा आहे, मला तुमचं पेजबिज काही दिसत नाही.

रूला: गेल्याच्या गेल्या शनिवारी आपण घरच्या हॉलमध्ये एकतीस गुणांनी हरलो ना? त्या रागात मी एक शोकपत्रक लिहिलं. आपल्याकडे भिंतींवर लावतात ना, अगदी तसंच. काळी चौकट, मोठी अक्षरं. वर क्रॉस असतो तिथे बास्केटबॉलचा चेंडू. 'कोच रम्झी तराबाय यांचे पराभवाच्या दीर्घ आजाराने मैदानावर निधन. शोकाकुल: कोणी नाही.' वदीहने छापून दिलं, आम्ही पोरापोरींनी रात्रीतून लावलं सगळीकडे.

तौफीक: ते बघितलं मी. माझ्या दारावरही होतं.

रूला: हसलात ना?

तौफीक: हसलो. खोटं कशाला बोलू?

रूला: मग परवा, सोमवारी संध्याकाळी, मी दुकान बंद करून निघाले तर भिंतीवर दुसरं. तीच चौकट, तीच अक्षरं, वर तोच चेंडू. आणि खाली, 'वर्दे तराबाय, कोच रम्झी यांच्या मातोश्री.' मला वाटलं, वदीहने माझ्यावर ताण केली. आईलाच मारलं त्याने! जरा जास्तच झालं असंही वाटलं, पण...

तौफीक: पण काय?

रूला: फोटो काढला आणि पेजवर टाकला. 'भाग दुसरा' लिहून. सहाशे जण हसले, अबू नदीम. सहाशे. क्लबचे अध्यक्षसुद्धा. त्यांनी तर टाळ्याही टाकल्या.

तौफीक: देवा.

रूला: सांगा ना, की ती जिवंत आहे.

तौफीक: सोमवारी दुपारी त्याच्या चुलतभावाने फोन केला. दोनशे पाव, बुधवारी दुपारपर्यंत. आज सकाळी सहाला रम्झीचा स्वतःचा आला. म्हणाला, अबू नदीम, दोनशे नकोत, तीस पुरेत. मी म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, काल दिवसभर दालनात बसलो होतो सांत्वनाला. सात माणसं आली. त्यातली तीन घरचीच.

रूला: सात?

तौफीक: त्या गावात हिवाळ्यात राहतं कोण? तरणी माणसं ऑस्ट्रेलियात, उरलेली खाली किनाऱ्यावर. माणसं आली असती ती आपल्या गावातूनच. वर्देने इथल्या शाळेत बत्तीस वर्षं पोरांना अक्षरं शिकवली. मलाही शिकवली. आपलं अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय.

रूला: मग तुम्ही का नाही गेलात काल?

तौफीक: लाज वाटली. मीही हॉलमध्ये ओरडत होतो की. कोणत्या तोंडाने जाऊन म्हणू, तुम्ही सलामत राहा? आणि इथे मयताचा कोणी विषय काढेना. मला वाटलं, लोकांनी राग धरलाय. बास्केटबॉलचा राग मेलेल्या बाईवर. मनात म्हटलं, असलं गाव आपलं. थुंकलो आणि गप्प बसलो.

रूला: ते राग धरून नव्हते. ते हसत होते. माझ्यामुळे.

तौफीक: खा ती. गार होतेय.

रूला: असू दे. तीस सांगितलेत ना त्यांनी? मग तुम्ही दोनशे का करताय?

तौफीक: मळलेलं पीठ पोत्यात परत जातं का? आणि वर्देच्या मयताला तीस पाव... माझ्या हातून नाही व्हायचं ते.

वदीह: एक झातरची द्या. आणि माझ्याशी कोणी बोलू नका.

रूला: वदीह! ये, तुझीच वाट बघत होते. ते दुसरं पत्रक...

वदीह: म्हटलं ना, बोलू नका. आत्ता ऐन सिंदियानच्या अबूनांचा फोन आला होता. धर्मगुरूंना एवढ्या शिव्या येतात हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

तौफीक: म्हणजे पत्रक खरं होतं, आणि तूच छापलंस.

वदीह: हो, मीच! या गावात मरतो त्याला मीच छापतो. माझ्या बापाने छापले, मी छापतो. आजवर नावात एक काना चुकला नाही. सोमवारी त्यांच्या चुलतभावाचा फोन, घाई करा म्हणून. आडनाव तेच. मी म्हटलं, चौकट तयार आहे संगणकात, नाव बदलू, मजकूर बदलू. सगळं बदललं. वरचा चेंडू काढायचा राहिला.

रूला: तुला दिसला नाही?

वदीह: मजकूर तीनदा तपासला गं, पोरी! वर कोण बघतं? वर क्रॉसच असतो ना कायम. जन्मभर क्रॉसच होता तिथे. चुलतभावाने गठ्ठा उचलला, अंधार पडत होता, लावत सुटला. त्यालाही नाही दिसला.

रूला: आणि मला फक्त तोच दिसला.

वदीह: आज क्लबने काढलाही ना त्याला? माती आहे त्याच दिवशी?

रूला: अध्यक्षांना कुठे माहीत आहे? तेही हसून मोकळे झालेत. थांबा. थांबा जरा, मी लिहिते पेजवर. 'पत्रक खरं आहे. वर्दे तराबाय वारल्या. थट्टा नाही. दुपारी तीन, ऐन सिंदियान. सगळ्यांनी या.' टाकलं.

तौफीक: बरं केलंस.

वदीह: आलं का काही उत्तर?

रूला: येतायत.

वदीह: वाच की.

रूला: 'भाग तिसरा, हाहाहा.' 'रूला, आता पुरे, गेला तो, मेलेल्याला किती मारशील.' 'ढोल आणू का मातीला?' अठ्ठेचाळीस जण हसले. एकोणपन्नास.

तौफीक: फोन लाव एकेकाला.

रूला: लावते. हॅलो, जिझेल? अगं ऐक, हसू नकोस... जिझेल, मी शपथ घेऊन सांगते... ठेवला. म्हणे, एप्रिल फूल दोन महिने लांब आहे. अबू नदीम, माझा शब्द कोणी धरत नाहीये.

वदीह: मी परत छापलीत. पन्नास. वर क्रॉस. गाडीत आहेत.

तौफीक: आता भिंतीवर लावून कोण वाचणार? एक वाजून गेला. वदीह, ते ताट धर. रूला, व्हॅनचं मागचं दार उघड. गरम आहेत, फडकं घे. वाटेत जितके भेटतील तितक्यांना तोंडी सांगू, आणि वर जाऊ.

रूला: मी नको येऊ का?

तौफीक: का?

रूला: तो माझं तोंड बघेल.

तौफीक: बघू दे. बस पुढे.

[ऐन सिंदियान. चर्चचं दालन, दुपारचे अडीच. भिंतीला लावून पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यात चार म्हाताऱ्या. कोपऱ्यात कडू कॉफीचा थर्मास. दाराशी रम्झी तराबाय उभा.]

तौफीक: देव तिला शांती देवो, रम्झी. तुम्ही सलामत राहा.

रम्झी: तुम्हीही. बसा, अबू नदीम. एवढे पाव? मी तीस म्हटलं होतं.

तौफीक: ऐकू कमी येतं हल्ली.

वदीह: कोच, मी... ते छापताना माझ्याकडून...

रम्झी: अबूनांनी सांगितलं. बसा. कॉफी घ्या.

रूला: कोच.

रम्झी: सकाळपासून कोच नाही मी. तू घे कॉफी. साखर नाही हं यात.

रूला: तुम्हाला कळलंय मग, क्लबचं.

रम्झी: आला ना मेसेज अध्यक्षांचा. आईजवळ बसलो होतो. त्यांचं नाव दिसलं, वाटलं, सांत्वनाचा असेल, उशिरा का होईना. वाचला. शेवटी लिहिलं होतं, 'पुढील वाटचालीस शुभेच्छा.' फोन खिशात ठेवला आणि मेणबत्ती बदलली. बाकी काही वाटलं नाही.

रूला: त्यांना माहीत नव्हतं.

रम्झी: नसेल.

रूला: ते माझ्यामुळे. गावातलं कोणी आलं नाही ना, तेही माझ्यामुळे. पहिलं पत्रक मी लिहिलं होतं. दुसरं बघून मला वाटलं, तसंच आहे. मी सगळ्यांना हसवलं. आज खरं सांगायला गेले तर परत हसले.

रम्झी: पहिलं तू लिहिलंस ते माहीत होतं मला. घोषणा तुझ्याच असतात. यमक चांगलं जुळवतेस तू.

रूला: असं नका बोलू. शिव्या द्या.

रम्झी: अंगात जोर नाही गं शिव्या द्यायचा.

रूला: एक विचारू? वर्देबाईंनी वाचलं होतं का ते? पहिलं?

रम्झी: वाचलं. तिला डायलिसिसला खाली आणलं होतं तेव्हा हॉस्पिटलच्या भिंतीवर होतं. मी म्हटलं चल, तर हलेना. चष्मा लावला. सवय तिची, कागद दिसला की पूर्ण वाचायचा.

रूला: काय म्हणाल्या?

रम्झी: म्हणाली, 'शोकाकुल: कोणी नाही' हे चूक आहे. मी आहे की अजून. पर्समधून पेन काढलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. वर्दे. नर्स हसायला लागली, मग तीही हसली.

रूला: हसल्या?

रम्झी: हसली. तू विचारलंस म्हणून सांगितलं. दिलासा म्हणून नाही.

रूला: हो.

रम्झी: तिची औषधं तुझ्याकडूनच न्यायचो मी.

रूला: माहीत आहे. मागच्या आठवड्यात आलात तेव्हा मी तुमच्याकडे बघितलंही नाही. पिशवी काउंटरवर सरकवली. कशा आहेत विचारायला हवं होतं. कोणालाही विचारते मी. मला रडू का येत नाहीये, कोच? एवढं करून ठेवलं आणि डोळे कोरडे ठणठणीत. मी काय दगड आहे का?

रम्झी: मलाही नाही आलेलं. तीन दिवस झाले. येईल कधीतरी, भलत्याच वेळी.

तौफीक: रम्झी, खोटं बोलणार नाही, तू क्लबचं वाटोळं केलंस. मी तुझ्या नावाने बोंब मारली आणि परत मारली असती. पण ते हॉलमध्ये. इथे मी वर्देबाईंचा विद्यार्थी म्हणून आलोय. काल यायला हवं होतं.

रम्झी: आज आलात ना. आणि वाटोळं केलं हे खरं आहे. संघ तरुण होता, मी त्यांना म्हाताऱ्यासारखं खेळवलं. कळत होतं. डोकं इस्पितळात असायचं. सांगायचं होतं अध्यक्षांना, सुट्टी द्या म्हणून. मग वाटलं, लोक म्हणतील, हरला म्हणून आईचं आजारपण पुढे करतोय.

रूला: म्हणालोच असतो आम्ही.

रम्झी: म्हणून नाही सांगितलं.

वदीह: कोच, हे नवीन. बघा, वर क्रॉस आहे. आता लावण्यात अर्थ नाही, पण तुमच्या हातात एक तरी बरोबरचं असू दे. नाव तीनदा तपासलंय. वरचंही तपासलंय.

रम्झी: द्या. चांगलं छापलंय. शोकाकुलांत माझ्या भावांची नावं आधी घेतलीत.

वदीह: वयाने मोठे ना ते. तशी रीत आहे.

रम्झी: एक सिडनीत, एक मॉन्ट्रियलला. विमानं नाही मिळाली. फोन लावून बसणार आहेत दोघे, मातीच्या वेळी.

तौफीक: अबूना खुणावतायत, रम्झी. तीन वाजले.

रूला: पाच मिनिटं थांबा ना. कोणीतरी येत असेल. वाटेत आम्ही निदान तीस जणांना तोंडी सांगितलं. ते पेट्रोल पंपवाले हो म्हणाले होते. मी रस्ता बघून येते.

रम्झी: तिसऱ्यांदा जातेयस दाराशी. राहू दे.

रूला: वळणावर एक गाडी दिसतेय.

रम्झी: दूधवाला असेल. या वेळी येतो.

रूला: ...हो. दूधवालाच आहे.

तौफीक: खांद्याला कोण कोण आहे?

रम्झी: मी. माझा चुलतभाऊ. चर्चचे सेवक जोसेफ. सहा लागतात.

तौफीक: मी आहे.

वदीह: मीही. पाठ गेलीय, पण मीही.

रम्झी: पाच झाले.

तौफीक: दूधवाल्याला विचारू का?

वदीह: तो गेलाही पुढे. त्या म्हाताऱ्यांपैकी कोणाचा मुलगा...

रूला: मी उचलते.

वदीह: बाईमाणूस खांदा देतं का कधी, पोरी? जड असते पेटी. ओक आहे.

रूला: बारा किलोचा ढोल गळ्यात घालून चार चार क्वार्टर उभी राहते मी. कोच, तुम्ही नको म्हणालात तर नाही उचलणार. मला हक्क नाही, कळतंय मला. पण सहावं कोणी नाहीये.

रम्झी: उंची किती तुझी?

रूला: पाच सात.

रम्झी: मग मधे ये, डावीकडे. वदीह तुझ्यासमोर. बुटके मधे, नाहीतर पेटी कलते. अबू नदीम, तुम्ही आणि जोसेफ मागे. पुढे मी आणि भाऊ. रूला, बूट सैल आहे तुझा, आधी बांध तो.

रूला: बांधला.

तौफीक: कितीवर उचलायचं?

रम्झी: तीनवर. गुडघ्यातून उठायचं, कमरेतून नाही. एक, दोन, तीन. हां. बसली खांद्यावर सगळ्यांच्या?

तौफीक: बसली.

वदीह: बसली, देवा.

रूला: बसली. किती हलक्या झाल्या होत्या हो, कोच.

रम्झी: शेवटी बेचाळीस किलो होती. आता बोलू नका, पावलं बघा. दाराबाहेर अकरा पायऱ्या आहेत आणि पुढे चढ आहे. सावकाश जाऊ. दमलात तरी खांदा काढू नका. आपल्या बाकावर बदलीला कोणी नाही.